तिसऱ्या रांगेतली खुर्ची

"काय दिसलं ते आधी सांगायचं, काय वाटलं ते नंतर. आणि वाटलेलं जर दिसलेल्याशी जुळत नसेल, तर ते खिशात घालून घरी न्यायचं. शिक्षकाच्या माथी मारायचं नाही," हेमांगी भारंबे म्हणाली आणि सभागृहात हशा पिकला.

समोर बसलेले सगळे प्रौढ शिक्षण केंद्रांचे शिक्षक आणि व्यवस्थापक होते. दुसऱ्याचा तास कसा पाहायचा आणि पाहून झाल्यावर त्या शिक्षकाशी काय बोलायचं, हे शिकायला ते जळगावला आले होते. ऐकायला विषय सोपा होता, पण हेमांगीला अनुभवानं ठाऊक होतं की वर्गात जाऊन बसणारी बरीचशी माणसं वर्ग पाहतच नाहीत. कुणी फळ्यावरचं अक्षर पाहून येतं, कुणी शिक्षिकेची साडी. एक साहेब तर पंखे चालू नव्हते एवढाच शेरा देऊन आले होते. माणसांना पाहायला शिकवायचं हेच हेमांगीचं गेल्या कित्येक वर्षांचं काम होतं, आणि त्या कामात तिचं नाव होतं.

आता या कामाला नवं महत्त्व आलं होतं. कोळशावरची वीजकेंद्रं एकामागून एक बंद होत होती. तापीच्या काठानं राहणारे हजारो कामगार पन्नाशीला येऊन पुन्हा वर्गात बसत होते. सौर वीज साठवणारी बॅटरी-केंद्रं त्यांना कामावर घ्यायला तयार होती, फक्त त्याआधी परीक्षा पास व्हायची होती. शिकवणारे शिक्षक कंत्राटी होते. निरीक्षकाचा अहवाल चांगला आला तर कंत्राट पुढं चालू, नाहीतर घरी.

हेमांगीनं टेबलावरून एक काळी पट्टी उचलली. कपाळाला बांधायची, बोटभर रुंद.

"ही स्पंदपट्टी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हिची भीती वाटते, म्हणून आधी ही काय करत नाही ते सांगते. ही विचार वाचत नाही. हिच्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कपाळाच्या हाडातून आत जातो आणि परत येतो. मेंदूचा जो भाग काम करत असतो तिथं ताजं रक्त जास्त येतं. ताजं रक्त प्रकाश वेगळ्या तऱ्हेनं शोषतं. त्यावरून मेंदूचं काम कुठं वाढलं, कुठं कमी झालं, एवढंच पट्टीला कळतं."

तिनं पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक शिक्षकाची, एक विद्यार्थ्याची.

"आता गंमत बघा. शिक्षक एखादी गोष्ट समजावून सांगतो तेव्हा त्याच्या मेंदूत एक चढउतार होतो. ऐकणाऱ्याला ती गोष्ट खरोखर समजत असेल तर त्याच्या मेंदूतही तसाच चढउतार होतो, क्षणभर मागून. समजत नसेल तर दोन रेघांचा एकमेकींशी काही संबंध राहत नाही. निरीक्षकाच्या हातात पडद्याची एक पाटी असते, तिच्यावर प्रत्येक खुर्चीचा एक ठिपका दिसतो. रेघा जुळल्या तर केशरी, नाही जुळल्या तर निळा. आणि कधीकधी," ती थांबली, कारण हा भाग तिला स्वतःला फार आवडायचा, "कधीकधी विद्यार्थ्याची रेघ शिक्षकाच्या पुढं जाते. शिक्षक आता काय म्हणणार याचा अंदाज त्याच्या मेंदूनं आधीच बांधलेला असतो. तेव्हा ठिपक्याला पांढरी कड येते. अशी पांढरी कड दिसली तर त्या शिक्षकाला मनातल्या मनात नमस्कार करा."

मागच्या ओळीतून कुणीतरी विचारलं, "मॅडम, म्हणजे हे प्रेमाचं यंत्रच झालं की!"

पुन्हा हशा. हेमांगीही हसली. "प्रेम हिला कळत नाही. तेवढी अक्कल अजून यंत्रांना आली नाही."

---

त्या आठवड्यात तिला वरणगावच्या केंद्रावर एक तास पाहायचा होता. सोबत मुबारक तडवी हे प्रशिक्षणार्थी होते. यावलच्या केंद्राचे व्यवस्थापक, चाळिशीचे, कमी बोलणारे. शिक्षिकेचं नाव उज्ज्वला तायडे आणि विषय बॅटऱ्यांची जोडणी.

हेमांगीचा नवरा लीलाधर याच केंद्रात शिकत होता. बंद झालेल्या वीजकेंद्रात त्यानं आयुष्यभर कोळसा वाहून नेणारे पट्टे चालवले होते. शिक्षण नववीपर्यंत. नियम असा होता की आपल्या घरचं माणूस ज्या वर्गात असेल तो तास निरीक्षकानं पाहायचा नाही. हेमांगीला नियम पाठ होता, तिनंच तो लिहिला होता. पण केंद्रात चार-पाच वर्ग चालत होते. लीलाधर कुठल्या वर्गात आहे हे तिनं विचारलं नव्हतं. विचारायला हवं हेही तिला कळत होतं. तरी ती गेली.

वर्गात शिरल्याबरोबर तिला तो दिसला. तिसऱ्या रांगेत, खिडकीच्या बाजूच्या खुर्चीवर. इस्त्रीचा निळा शर्ट, कपाळाला पट्टी. तिला पाहून तो चपापला आणि त्यानं मान खाली घातली. मागं वळून निघून जायला तेव्हाही वेळ होता. हेमांगी मागच्या खुर्चीवर बसली, तिनं नजरेची नोंद ठेवणारा निरीक्षकाचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पाटी उघडली.

उज्ज्वला तायडे दिसायला अगदी साधी होती. स्थूल, केस घाईत बांधलेले, बोलताना मधेच अडखळणारी. पूर्वी तिचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं म्हणे. तिनं फळ्यावर काही काढलं नाही. "लग्नात वरण-बट्टीची पंगत बसली आहे," तिनं सुरुवात केली. "एकच लांब ओळ, आणि वरणाची बादली घेऊन वाढपीही एकच. तो मधेच थांबला तर काय होईल?"

"पुढचे सगळे कोरडी बट्टी खातील वो बाई!" पुढच्या रांगेतल्या कमलबाई म्हणाल्या. वर्ग हसला.

"ही झाली एकसर जोडणी. एक अडला की पुढचं सगळं अडलं. आता चार ओळी केल्या आणि प्रत्येक ओळीला वेगळा वाढपी दिला, तर..."

"समांतर," लीलाधर म्हणाला. मग त्यानं हात वर केला. हेमांगीनं आपल्या नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा हात वर करताना पाहिलं. "पण बाई, चारातला एक वाढपी दमून बसला तर त्याच्या ओळीची माणसं बाकीच्या तिघांना हाका मारतील. मग त्या तिघांवर जास्त ताण नाही का येणार?"

उज्ज्वला हसली. "काका, हे मी आता पुढं सांगणार होते. तुम्ही माझ्याआधीच जाऊन पोचलात!"

हेमांगीनं पाटीवर पाहिलं. तिसऱ्या रांगेतला खिडकीकडचा ठिपका केशरी होता आणि त्याला स्वच्छ पांढरी कड होती.

पुढचा तासभर तिनं तो ठिपका सोडला नाही. उज्ज्वला बोलायला तोंड उघडायची आणि ठिपक्याची कड आधीच उजळलेली असायची. ती अडखळली की लीलाधरचे ओठ हलायचे. जणू अडलेला शब्द तो तिला देत होता. लग्न झालं त्या वर्षी तिनं या माणसाला दहावीला बसवायचं ठरवलं होतं. रोज संध्याकाळी पुस्तक उघडायचं, आणि पंधरवड्यात त्यानं सांगून टाकलं होतं, "हे आपल्याच्यानं व्हायचं नाही, हेमा." तिनं शेकडो लोकांना शिकवलं, शिकवायला शिकवलं, पण घरातल्या माणसाच्या डोक्याचं दार तिला कधी उघडता आलं नाही. तेच दार ही बाई सहज ढकलून आत गेली होती, तीही पायातल्या चपला न काढता.

---

तास संपल्यावर निरीक्षकानं शिक्षकाशी बोलायचं असतं. केंद्राच्या छोट्या खोलीत उज्ज्वला समोर बसली. तडवी एका बाजूला ऐकत होते.

"तुम्हाला स्वतःला तास कसा वाटला?" हेमांगीनं ठरलेला प्रश्न विचारला.

"बरा झाला असं वाटतं. कमलबाई आज पहिल्यांदा बोलल्या," उज्ज्वला म्हणाली.

"मला तसं वाटलं नाही." स्वतःचा आवाज हेमांगीला अनोळखी वाटला. "पंगती, वाढपी, वरण... परीक्षेत हे विचारणार आहेत का? उदाहरणं फार पसरट आहेत. शिवाय तुमचा सगळा वर्ग एकाच विद्यार्थ्याभोवती फिरतो."

"कुठल्या?"

"तिसऱ्या रांगेतले. खिडकीकडचे."

"भारंबे काका?" उज्ज्वला गोंधळली. मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. "मॅडम, तुमचंही आडनाव... ते तुमचे कुणी लागतात का?"

हेमांगीनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं.

"आडनाव एकच आहे," ती म्हणाली. "आमच्याकडं भारंबे पुष्कळ."

तडवींनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

संध्याकाळी लीलाधर घरी आला तेव्हा ती भाजी चिरत होती.

"आज आली होतीस," तो म्हणाला.

"हो."

"सांगितलं नाहीस."

"तुम्ही तरी कुठं सांगितलं, कोण शिकवतं ते?"

"तू विचारलंस कधी?" तो पाणी प्यायला. मग त्याला राहवलं नाही. "बाई चांगल्या शिकवतात, नाही?"

विळीवर हेमांगीचा हात थांबला. "ठीक आहेत," ती म्हणाली.

---

त्यानंतरचे दिवस तिचे वाईट गेले. लीलाधर सकाळी आंघोळ करताना गुणगुणायचा. वर्गाला निघताना आरशात पाहायचा. चहा पिताना साखरेच्या डब्याशेजारी तारेचे तुकडे मांडून बसायचा, आणि मधेच "बाई म्हणतात..." असं म्हणून काहीतरी सांगायचा. हेमांगी हूं हूं करायची. त्या बाईशी त्याचं तसलं काही असेल असं तिला वाटत नव्हतं. तसं असतं तर भांडता तरी आलं असतं. पण माणसाचं मन माणसाच्या पुढं धावत जातं हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. ते तिच्यासाठी कधी धावलं नव्हतं, आणि याबद्दल नवऱ्याशी कुठल्या शब्दांत भांडायचं हे तिला कळत नव्हतं.

रविवारी सकाळी तिनं प्रशिक्षणाच्या पेटीतून दोन पट्ट्या आणि पाटी काढली.

"बसा. तुमची परीक्षेची तयारी करून घेते."

लीलाधर खूश झाला, जरासा संकोचलाही. "पट्टी कशाला?"

"सवय असलेली बरी."

ती शिकवायला बसली. विषय होता तारेचा रोध. तिनं आदल्या दिवशी त्याचा अभ्यास केला होता. एक शब्द चुकीचा नाही, एक वाक्य लांबलेलं नाही. तिच्या हाताखाली तयार झालेल्या कुणीही तो पाठ नमुना म्हणून दाखवला असता. लीलाधर मान हलवत होता. पाटीवर त्याचा ठिपका निळा होता.

ती हळू बोलू लागली. ठिपका निळाच. तिनं आकृती काढली, उदाहरण बदललं, प्रश्न विचारला. "हो, समजलं," तो म्हणाला, आणि ठिपका आणखी गडद झाला. शेवटी तिनं न राहवून म्हटलं, "असं समजा, लग्नात पंगत बसली आहे..."

लीलाधरच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. ठिपका झर्रकन केशरी झाला.

हेमांगीनं बोलणं थांबवलं. तोंड तिचं होतं, पण तो ऐकत दुसरीला होता. निदान तिला तसंच वाटलं.

"माझ्या शिकवण्यात काय चुकतं, सांगा ना," तिनं विचारलं. पाटी तिनं त्याच्याकडं फिरवली. "हे बघा. तासभर तुम्ही मान हलवताय आणि तासभर हे निळं आहे. तिथं तर तुम्ही तिच्याही पुढं पळता!"

लीलाधरनं पाटीकडं पाहिलं, मग बायकोकडं. त्यानं कपाळाची पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"तू चुकत नाहीस, हेमा. तीच तर पंचाईत आहे. मी तोंड उघडायच्या आधी तुझ्या चेहऱ्यावर दिसतं की मी चुकणार आहे. तिथं आम्ही सगळेच चुकतो. बाईसुद्धा चुकतात, मग आम्ही सगळे मिळून शोधतो." तो उठला. "आणि हे यंत्र पुन्हा घरात आणू नकोस. वर्गात मी ते स्वतःहून लावतो. घरात तू ते मला तपासण्यासाठी लावलंस."

तो बाहेर निघून गेला. हेमांगी एकटीच दोन पट्ट्यांसमोर बसून राहिली. शहाणं माणूस तिथं थांबलं असतं. तिनं त्याच दुपारी उज्ज्वला तायडेचा अहवाल लिहून पाठवला. 'विषयाची मांडणी विस्कळीत. वर्गाकडे समान लक्ष नाही. पाठ्यपुस्तकाप्रमाणे शिकवण्याची सक्त सूचना द्यावी. सुधारणा न दिसल्यास कंत्राट पुढे चालू ठेवू नये.'

---

लीलाधरचं गुणगुणणं कधी थांबलं ते तिच्या लगेच लक्षात आलं नाही. एके दिवशी तारेचे तुकडे साखरेच्या डब्याजवळून गेले. मग तो वर्गाला उशिरा निघू लागला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"बाई पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत," तो म्हणाला. "पुस्तक हातात धरून वाचतात. वरून तसा हुकूम आहे म्हणे." त्यानं चपला घातल्या आणि पुन्हा काढल्या. "आज जात नाही. गुडघा दुखतोय."

पुढच्या तपासणीला ती तडवींबरोबर पुन्हा वरणगावला गेली. लीलाधर त्या दिवशी आला होता, पण त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. उज्ज्वला फळ्याजवळ उभी राहून पुस्तकातला परिच्छेद वाचत होती. वाचताना ती अडखळत नव्हती. कमलबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. मागच्या बाजूचा एक माणूस पट्टी लावलेल्या कपाळानंच झोपला होता. पाटीवर सगळा वर्ग निळा होता, आणि तिसऱ्या रांगेतला तो ठिपकाही इतरांसारखाच निळा.

तो ठिपका पाहून हेमांगीला बरं वाटलं.

ते तिला स्पष्ट कळलं, आणि कळल्याबरोबर तिला कसंतरी झालं. खोलीभर माणसं होती. घरदार चालवणारी, काम गेलेली, या वयात लाज गिळून पुन्हा शिकायला बसलेली. त्यांच्या डोळ्यांतला उजेड तिनं विझवला होता, आणि त्या अंधारात तिला बरं वाटत होतं. कमलबाई उठल्या, पट्टी काढून खुर्चीवर ठेवली आणि निघून गेल्या. उज्ज्वला वाचायची थांबली. तिनं दाराकडं पाहिलं, मग मागं बसलेल्या हेमांगीकडं. मग पुन्हा वाचू लागली.

परतताना तडवींनी रस्त्याकडेच्या रसवंतीपाशी जीप थांबवली. दोघं बाकड्यावर बसले. रस आला तरी तडवींनी पेल्याला हात लावला नाही.

"मॅडम, उद्याच्या बैठकीत मला तुमचं निरीक्षण वाचायचं आहे," ते म्हणाले.

हा प्रशिक्षणाचाच भाग होता. निरीक्षकाचा चष्मा त्याची नजर कुठं किती वेळ टिकली ते टिपून ठेवायचा. प्रशिक्षणार्थी एकमेकांच्या नोंदी तपासायचे आणि एक जण प्रशिक्षकाची तपासायचा. पाहणाऱ्यालाही कुणीतरी पाहिलं पाहिजे, हा आग्रह हेमांगीचाच.

"मग वाचा की," ती म्हणाली.

"मी पहिल्या तासाची नोंद बघितली. तुम्ही वर्ग पाहिला नाही, मॅडम. तुम्ही एक खुर्ची पाहिली." ते रस्त्याकडं पाहत बोलत होते. "त्या खुर्चीवर कोण होतं ते मी विचारत नाही. चष्मा बिघडला होता असं म्हणता येईल. उद्या मी काय वाचू, ते तुम्ही सांगा. मी तुमच्याकडूनच शिकतोय."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. ते खरोखर विचारत होते. ती म्हणाली असती तर चष्मा बिघडला असता, आणि तडवी आयुष्यभर तसंच निरीक्षण शिकले असते. हेमांगीनं पेला खाली ठेवला.

"जे दिसलं ते वाचा," ती म्हणाली. "आणि त्या खुर्चीवर माझे मिस्टर होते."

---

दुसऱ्या दिवशी तडवींवर वाचायची वेळ आलीच नाही. हेमांगी आधी उठून उभी राहिली. आपण नियम मोडून तो तास पाहिला, नातं नाकारलं, अहवाल रागातून लिहिला, हे तिनं सांगितलं. राग म्हणणं पुरेसं नव्हतं. मग ती म्हणाली, "राग नव्हे. मत्सर." उज्ज्वलाचा अहवाल रद्द झाला, तिचा तास दुसऱ्या पथकानं पाहायचं ठरलं, आणि हेमांगीचा निरीक्षणाचा परवाना काढून घेतला गेला. पाठ्यसाहित्य तपासण्याच्या टेबलावर तिची बदली झाली. हे सगळं रीतसर झालं. कुणी तिला वाईट बोललं नाही. तेच तिला जड गेलं.

उज्ज्वलाला भेटायला ती स्वतः गेली. केंद्राच्या अंगणात उज्ज्वला जुन्या बॅटऱ्या पुसत होती.

"ते माझे मिस्टर आहेत," हेमांगी म्हणाली. "मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुमचा तास चांगला होता."

उज्ज्वलानं फडकं खाली ठेवलं नाही. "मी किती दिवस घरी जाऊन र-रडले, माहितीये मॅडम? मला वाटलं मला शिकवताच येत नाही. तुमचं नाव ऐकून होते ना मी. तुम्ही म्हणालात म्हणजे खरंच असणार." ती थोडा वेळ बॅटरी पुसत राहिली. "बरं, आता तरी नीट सांगा. काय चांगलं होतं? काय सुधारायला पाहिजे? मला पाहिजे ते."

हेमांगीनं तोंड उघडलं. पंगत आठवली, नवऱ्याचा वर गेलेला हात आठवला. कमलबाई काय करत होत्या? मागच्या रांगेला ऐकू येत होतं का? वाढप्याच्या गोष्टीनंतर किती जणांना खरंच कळलं?

"मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "बाकीचा वर्ग मी पाहिलाच नाही."

"म्हणजे माझा तो तास फुकटच गेला," उज्ज्वला म्हणाली आणि पुढची बॅटरी उचलली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि हेमांगीनं मागितलंही नाही.

लीलाधरला सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. अहवालाचं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. आपल्या नोकरीची वाट त्या अहवालानं अडली असती, हेही त्यानं बोलून दाखवलं नाही. पण आडनावाचा भाग आला तेव्हा त्याचा चेहरा बदलला.

"भारंबे पुष्कळ, असं म्हणालीस?"

"हो."

"मी पलीकडच्याच वर्गात होतो तेव्हा." तो खुर्ची मागं सरकवून उठला. "कामावर असताना सगळे म्हणायचे, लीलाधरची बायको मोठी शिक्षिका आहे. मला बरं वाटायचं. मला वाटायचं तुलाही... जाऊ दे."

त्यानंतर पुष्कळ दिवस तो स्वतःचा चहा स्वतः करून प्यायला. दोघांत कामापुरतं बोलणं राहिलं. वर्ग मात्र पुन्हा सुरू झाला. उज्ज्वलानं पुस्तक बाजूला ठेवलं, कमलबाई परत आल्या, हे हेमांगीला कार्यालयात इतरांकडून कळलं.

हिवाळा लागला तेव्हाची गोष्ट. एका दुपारी लीलाधर वर्गातून आला तेव्हा हेमांगी टेबलावर बॅटरीचं नवं पाठ्यपुस्तक तपासत बसली होती. बॅटरी आतून का तापते, या पानावर ती अडकली होती. भाषा शुद्ध होती, पण तिला स्वतःला ते कळत नव्हतं. तिनं ते पान दोनदा वाचलं, मग मान वर केली.

"अहो, हे मला समजत नाहीये," ती म्हणाली.

लीलाधर शर्ट काढता काढता थांबला. ती खरंच विचारते आहे की त्याची परीक्षा घेते आहे हे त्याला कळेना. तिच्या चेहऱ्याकडं पाहत तो हळूच समोरच्या खुर्चीवर टेकला.

"ते... आत रोध असतो ना. म्हणजे वीज जाताना... नाही, तसं नाही." त्यानं पान आपल्याकडं ओढलं, पाहिलं, परत सरकवलं. "थांब. बाई कसं सांगतात ना, तसं सांगतो."

बाईंचं नाव घेताना त्याचा चेहरा उजळला. हेमांगीच्या छातीत तीच जुनी कळ उठली, जराही कमी न झालेली.

"सांगा," ती म्हणाली.

"अरुंद दार आहे असं समज. त्यातून लग्नाचं सगळं वऱ्हाड एकदम आत शिरतंय. आता दार म्हणजे... नाही, वऱ्हाड म्हणजे..." तो अडखळला. पुढचा शब्द हेमांगीच्या जिभेवर आला होता. तिनं तो गिळला. लीलाधरनं कपाळ चोळलं, स्वतःशीच हसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ती हनुवटीखाली हात घेऊन, आत जळत, त्याचं बोलणं ऐकत राहिली.